छातीतली गाठ वेळेत दाखवली जावी म्हणून: गावात स्तनकर्करोग जागृतीचं काम कसं उभं करावं

ऑक्टोबर आला की गुलाबी रिबिनी निघतात. तालुक्याच्या सभागृहात बॅनर लागतो, डॉक्टरांचं भाषण होतं, पाहुण्यांचे सत्कार होतात, चहा-बिस्किटं होतात आणि संध्याकाळपर्यंत फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नेमकं त्याच दिवसांत सोयाबीन काढायला आलेलं असतं, कापसाची वेचणी सुरू होत असते. ज्या बाईच्या कानावर ते भाषण पडायला हवं ती रानात असते. सभागृहात बसलेल्या बहुतेक जणींना विषय आधीच ठाऊक असतो.

हा लेख आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, ग्रामपंचायत सदस्य, शाळेतल्या बाई, एनएसएसचे विद्यार्थी अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांना आपल्या गावात किंवा वस्तीत हे काम खरोखर करायचं आहे. डॉक्टर असण्याची गरज नाही. चिकाटी मात्र लागते.

आधी दोन-तीन आकडे, कारण सरपंचांकडे किंवा आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्यावर ते लागतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावतात. आपल्याकडच्या कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीप्रमाणे रोग स्तनापुरताच असताना सापडला, तर १०० पैकी ८१ जणी ५ वर्षांनंतर हयात असतात. काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर सापडला तर ६५, आणि हाडं, फुप्फुस, यकृतापर्यंत गेल्यावर सापडला तर फक्त १८. औषधं तीच, डॉक्टर तेच. फरक बाई कधी पोचली याचा. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशभरात १ टक्कासुद्धा भरल्या नाहीत, ०.९ टक्का भरल्या.

ब्रिटनमध्ये बाई पन्नाशीत आली की दर ३ वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, बोलावणं घरी येतं. आपल्याकडे असं पत्र येत नाही. ते बोलावणं गावातल्याच कुणीतरी करायचं असतं, आणि या लेखात त्याचीच रीत सांगितली आहे.

पहिली पायरी: पुढचा रस्ता आधी शोधून ठेवा

बहुतेक लोक सभेपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं असं की सभा चौथ्या-पाचव्या क्रमांकाला यावी. सभेत गाठीबद्दल सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एखादी बाई म्हणाली, "मला हाय गाठ, आता कुठं जाऊ?" तर तुमच्याकडे उत्तर हवं. उत्तर नसताना तिला फक्त घाबरवून सोडणं हा अन्याय आहे.

म्हणून एक कागद घ्या आणि गावापासून चार मुक्काम लिहा. पहिला, हाताने तपासणी कोण करेल: उपकेंद्रातल्या सिस्टर, आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम, की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर? कुठल्या वारी, किती वाजता? दुसरा, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी कुठे होते? जिल्हा रुग्णालयात मशीन आहे का, चालू आहे का, चालवणारं माणूस आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, त्यामुळे तिन्ही विचारा. तिसरा, सुईची तपासणी, म्हणजे बायोप्सी, कुठे होते आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळतो? चौथा, उपचार कुठे? परळचं टाटा सगळ्यांना माहीत असतं, पण प्रत्येक गाठ मुंबईला नेण्याची गरज नाही. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ग्रामीण भागातच उभं आहे. तुमच्या जवळचं जे आहे ते शोधा.

प्रत्येक मुक्कामापुढे तीन गोष्टी लिहा: एसटीची वेळ, लागणारे पैसे, लागणारे कागद. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच भार कमी. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेतही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून नोंदणीकृत रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला एकदा जाऊन भेटा आणि एकच प्रश्न नीट विचारून घ्या: निदान होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार? योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. गाठ नक्की कसली हे ठरेपर्यंतचा खर्च बऱ्याचदा घरच्यांच्या खिशातून जातो आणि बाया तिथेच अडतात. बचत गटातून उचल देता येईल का, ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून प्रवासाची सोय होईल का, हे गाठ सापडायच्या आधी ठरलेलं असावं.

रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं, हा घोळ घरोघरी आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, "सुमन"चं "सुमनबाई". दुरुस्तीला आठवडे जातात. हे काम आजारपणाची वाट न बघता आत्ताच उरकता येतं.

दुसरी पायरी: माणसं जोडा

आशाताईंशिवाय हे काम होत नाही, आणि नुसत्या त्यांच्यावर टाकूनही होत नाही. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. तिच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणं, क्षय, कुष्ठ, सर्वेक्षणं, शिवाय मोबाईलमधली अ‍ॅप्स. तरी एक गोष्ट तिच्याकडे आधीच आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) ती भरते, त्यात बायकांसाठी स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव, स्तनाच्या आकारातला बदल हे प्रश्न आहेत. अडचण अशी की हे प्रश्न बऱ्याचदा अंगणात, सासऱ्यांसमोर, घाईघाईत विचारले जातात. मग उत्तर "नाही" असंच येणार. तेच प्रश्न स्वयंपाकघरात, दार लोटून विचारले तर उत्तरं बदलतात. नवा फॉर्म छापण्यापेक्षा हा जुना फॉर्म नीट भरून घेणं जास्त उपयोगाचं.

तिच्या जोडीला गावातल्या तीन-चार बाया हव्यात. पदाधिकारी असायलाच हव्यात असं नाही. ज्यांच्याकडे बाया मन मोकळं करतात अशा हव्यात. बांगड्या भरणाऱ्या मावशी, शिवणकाम करणाऱ्या ताई (मापं घेताना अंगातला फरक त्यांच्या नजरेला आधी पडतो), जुन्या सुईणबाई. आणि त्या गावात किंवा शेजारच्या गावात या आजारातून बरी झालेली कुणी असेल व तिची तयारी असेल, तर तिच्यासारखी वक्ती दुसरी नाही. तिला आग्रह मात्र करू नका. काही जणींनी सोयरिकीच्या धास्तीने घरात आजवर कुणाला सांगितलेलं नसतं.

"हाताने तपासून काय कळणार?" असं शिकलेली माणसंही विचारतात. त्याचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये २० वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचं प्रमाण तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७ टक्के दिसलं, आणि ५० वर्षांवरच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मशीन नसलेल्या ठिकाणी शिकवलेले हात किती काम करतात, याला याहून मोठा पुरावा नको.

बार्शीची गोष्ट तर आपल्या कामाच्या आणखी जवळची. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणं समजावत आणि शंका असेल त्याला रुग्णालयात पाठवत. काही वर्षांत गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागले, तेही तपासणीची मोठी मोहीम न राबवता. हा शोधनिबंध १९९५ चा आहे. आजार वेगळा, पण रीत आपलीच: नियमित जाणं आणि बोलणं.

तिसरी पायरी: दिवस आणि वेळ

गावाच्या कामाचं वेळापत्रक पाहून ठरवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचे दिवस असतात. बाया एकत्र जमतात, घरचेही अडवत नाहीत आणि वाण म्हणून तपासणीच्या तारखेची चिठ्ठी देता येते. (प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा बरं वाण.) मात्र एक पेच आहे. विधवा बायकांना हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत, आणि वय वाढेल तसा या आजाराचा धोका वाढतो. म्हणजे ज्यांना जास्त गरज त्याच दाराबाहेर. एक तर सगळ्यांना बोलवून तिळगूळ समारंभ करा, नाहीतर त्यांच्यासाठी भजनी मंडळाचा दिवस वेगळा धरा.

बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांना संक्रांत फडातच येते. ती दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासाठी मे-जून धरा, वटपौर्णिमेच्या आगेमागे. शहरातल्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या ताई रविवारी दुपारीच मोकळ्या असतात, तेही दोन ते चार.

महिला ग्रामसभा हा कायद्याने मिळालेला मंच आहे आणि तो फारच कमी वापरला जातो. तिथे तपासणी दिवसाचा ठराव करून घ्या. ठराव झाला की प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी करायला तुमच्या हातात कागद असतो.

चौथी पायरी: काय सांगायचं, कसं सांगायचं

पंधरा-वीस जणींपेक्षा मोठा घोळका नको. बंद खोली, फक्त बाया, मोबाईल पिशवीत. माईक नको; छातीबद्दल माईकवरून बोललेलं ऐकताना बाया पदर तोंडाला लावतात आणि काहीच डोक्यात शिरत नाही.

सुरुवात न दुखणाऱ्या गाठीपासून करा. सगळ्यात जास्त घात "दुखत न्हाई, मंग कशाला दाखवायचं?" या एका वाक्याने होतो. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार, असा सरळ हिशोब आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून दुखत नसेल तरी दाखवायचं, हे एकच वाक्य घेऊन बाया घरी गेल्या तरी सभा कामाला आली.

मग बाकीची लक्षणं, एकेक करून, शक्य तर चित्र दाखवून: स्तनात किंवा काखेत नवी गाठ किंवा घट्टपणा, कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्राछिद्रांची होणं, एका बाजूचं स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, आपोआप रक्ताळ पाणी येणं, स्तनाग्रावरची खपली किंवा चट्टा मलम लावूनही बरा न होणं, एका स्तनाचा आकार अलीकडे बदलणं. अंगावर पाजणाऱ्या आईला दुधाच्या गाठी होतात, ताप येतो, ते बहुतेक वेळा साधंच असतं. पण उपचारानंतर दोन आठवड्यांतही गाठ विरघळली नाही तर "दुधाचीच असेल" म्हणून बसायचं नाही.

लगेच जोडून हेही सांगा की बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये हाताखाली सरकणाऱ्या साध्या गाठी असतात, चाळिशीत पाण्याच्या गाठी होतात. हे वाक्य राहून गेलं तर भीतीने बाया गाठ दाखवायच्याच टाळतात.

आता स्वतः तपासण्याबद्दल. पोस्टरवर सर्रास लिहिलेलं असतं की महिन्यातून एकदा स्वतः तपासा, जीव वाचेल. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांवर याची मोठी चाचणी झाली. २००२ च्या निष्कर्षांत स्वतः तपासायला शिकवल्याने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून "महिन्याला तपासलं की झालं" अशी खात्री देऊ नका. तरी आपलं अंग आपल्या ओळखीचं असणं हवंच, कारण आपल्याकडे बहुतेक गाठी बाईच्या स्वतःच्याच हाताला आधी लागतात. मी सांगते ते असं: अंघोळीला साबण लावताना हात फिरवा, नेहमीपेक्षा वेगळं काही लागलं तर लपवू नका, आणि तुम्हाला काही लागलं नाही तरी सिस्टरकडून तपासणी करून घ्याच.

हात कसा फिरवायचा ते दाखवायला पिशवीभर कणीक पुरते. मऊ कणीक दुधाच्या जाड पिशवीत भरायची आणि आत एक भिजवलेला वाटाणा, एक कच्चा हरभरा, एक चिंचोका खोलवर दडवायचा. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग ठेवायचा, टोकं नाही. लहान लहान गोल फिरवत आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल. बायांच्या हातात पिशवी दिली की खोलीतला अवघडलेपणा जातो. पहिली मावशी चिमटीत धरून बघते आणि म्हणते, "काहीच न्हाई यात." दुसरी सपाट बोटांनी दाबते आणि चिंचोका धरते. चिमटीत धरलं की सगळंच गाठीसारखं लागतं किंवा काहीच लागत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं. मग जागा दाखवा: वर गळ्याखालच्या हाडापासून खाली स्तनाच्या घडीपर्यंत, छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत, उभ्या पट्ट्यांत. काख सगळेच विसरतात. पाळी येणाऱ्यांनी पाळी संपल्यावर पाहावं. त्याआधी स्तन जड आणि गाठाळ लागतात.

गैरसमज खोडायला व्याख्यान नको, विचारतील तसं उत्तर द्या. कर्करोग लागट नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचं कारण नाही. मार लागल्याने किंवा घट्ट ब्लाउजने तो होत नाही. घराण्यात कुणाला नव्हता म्हणजे आपल्याला होणार नाही असं नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणाला नसतो. उलट आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला कमी वयात झाला असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं, म्हणजे तपासणी लवकर सुरू करता येते. बाळाला अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो, पण "मी चार पोरं पाजली, मला कशाला होतोय" हे खरं नाही. आणि क्वचित पुरुषांनाही होतो.

सभा संपवून लगेच निघू नका. खरे प्रश्न चपला घालताना येतात. एखादी काकू सगळ्यांच्या मागे रेंगाळते, पदर सारखा करते आणि हळूच म्हणते, "माझ्या जावंचं इचारायचं हुतं. तिला हितं गाठ हाय." ती जाऊ बऱ्याचदा स्वतः काकूच असते. "जावेला घेऊन या" म्हणालात तर विषय तिथेच संपला. जावेचं वय विचारा, गाठ कधीपासून आहे ते विचारा, आणि "जावेच्या सोबत तुम्हीपण तपासून घ्या" म्हणून तपासणीच्या तारखेची चिठ्ठी तिच्याच हातात द्या. एक बाई मुद्दाम चपलांपाशी उभी करायची, ती यासाठीच.

पाचवी पायरी: तपासणीचा दिवस

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरच्या बाईची स्तनतपासणी दर ५ वर्षांनी, आरोग्य केंद्रात, मोफत व्हायला हवी. त्याच वेळी तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी असते. तिन्ही एकदम करून घ्या. बाई पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

हिशोब आधी करा. कपडे काढणं-घालणं, नीट तपासणं, नोंद करणं धरून एका बाईला दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाला सहा, पाच तासांत तीस. "एका दिवसात ३०० महिलांची तपासणी" अशी बातमी वाचली की तपासणारे किती होते, हा प्रश्न मनात येतो. एकच सिस्टर असतील तर तीस नावं लिहा, बाकीच्यांना पुढचा आठवडा द्या.

खोलीला आतून कडी, खिडकीला जाड पडदा, पुरेसा उजेड, झोपायला बाक आणि स्वच्छ चादर, हात धुवायला पाणी. तपासणारी बाईच हवी. रांग दाराबाहेर लांब, आतलं बोलणं ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. या सोयी नसतील तर तारीख पुढे ढकला.

शिबिराला मदत करतो म्हणून एखादी लॅब "रक्ताच्या एका थेंबात कर्करोग तपासणी" किंवा ट्यूमर मार्करचं (कर्करोगाशी जोडलेले रक्तातले घटक मोजण्याचं) पॅकेज घेऊन येते. नम्रपणे नकार द्या. धडधाकट बाईत स्तनकर्करोग शोधायला या रक्ततपासण्या उपयोगी नाहीत.

मॅमोग्राफीबद्दल थोडक्यात: चाळिशीनंतर, आणि विशेषतः पन्नाशीनंतर तिचा उपयोग जास्त. कमी वयात स्तनाचा भाग दाट असतो आणि चित्रात गाठ लपते, म्हणून तरुण बाईला बहुधा आधी सोनोग्राफी सांगतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. अवघड वाटतं, दुखतंही, पण लगेच सुटतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, कारण त्याचे कण चित्रात उमटतात. जुने फोटो असतील तर सोबत न्यावेत.

सहावी पायरी: गाठ लागली, आता पुढे

सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मुदत अशी आहे की बाईने पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. गावात हे दिवस कसे जातात? आठवडाभर विचार, मग लेप, मग गल्लीतलं इंजेक्शन, मग लग्नसराई, मग पेरणी.

निदानाच्या तीन गोष्टी एका माळेत असतात: डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि जाड सुईने काढलेला गाठीचा तुकडा. तिन्ही होईपर्यंत "काही नाही" असं म्हणू नये. सुईला बाया सर्वांत जास्त घाबरतात: "सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो." तसं होत नाही. जागा बधिर करून बारीक छेदातून धाग्याएवढा तुकडा काढतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. त्या तुकड्यावरूनच गाठ कोणत्या जातीची, कुठलं औषध लागू पडेल, हे ठरतं.

एक गोष्ट ठळक सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. सुईची तपासणी न करता "छोटीशीच आहे, काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर थांबायचं. ती गाठ कर्करोगाची निघाली तर अर्धवट शस्त्रक्रिया झालेली असते, कडा शिल्लक राहतात, कधी काढलेला भाग तपासायलाच पाठवलेला नसतो, आणि पुढच्या डॉक्टरांना मूळ गाठ कुठे, केवढी होती हेच कळत नाही. दुसरं ऑपरेशन अटळ होतं. काही कारणाने गाठ काढली गेलीच, तर तिचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि लॅबमधले ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा भाग) व काचपट्ट्या मागून जपून ठेवायच्या. मोठ्या रुग्णालयात ते मागतातच.

दुसरी भीती स्तन जाण्याची. ती मोठ्याने कुणी बोलत नाही. आधीच्या टप्प्यात सापडलेल्या बऱ्याच जणींमध्ये फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून, नंतर शेक (रेडिएशन) देऊन स्तन राखता येतो. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांत जगण्याचं प्रमाण सारखंच दिसलं आहे. लवकर या, म्हणजे काढावं लागणारही कमी: ही गोष्ट आकड्यांपेक्षा पटकन पटते. केमोत गेलेले केस परत येतात, हेही सांगा. विचारायला लाजतात.

सोबत कुणीतरी जायलाच हवं. जिल्हा रुग्णालयात केसपेपर एका मजल्यावर, शिक्का दुसऱ्या, सोनोग्राफीची तारीख तिसऱ्या खिडकीवर. एकटी गेलेली बाई दुपारी दीडला खिडकी बंद झाली की घरची एसटी धरते आणि पुन्हा येत नाही. पहिल्या दोन खेपांना गटातली एक जण सोबत गेली की पुढचं बाई स्वतः निभावते.

सातवी पायरी: घरातली माणसं

पैसे आणि गाडी बहुधा पुरुषांच्या हातात असते, आणि सुनेला बाहेर सोडायचं की नाही हे सासूबाई ठरवतात. पुरुषांसाठी वेगळी सभा बोलावली तर कुणी येत नाही. दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी सगळे उभे असतात. तिथे दहा मिनिटं पुरतात. त्यांना लक्षणांची यादी नको. "घरच्या बाईनं गाठ आहे म्हटलं तर त्याच आठवड्यात दाखवा, खर्च लवकर गेलात तर कमी, उशिरा गेलात तर रान विकावं लागतं." एवढं त्यांच्या हिशोबात बसतं. सासूबाईंना मात्र सभेला सुनेच्या आधी आमंत्रण द्या. पन्नाशीनंतरच्या त्याच आहेत. तपासणीची गरज त्यांनाच जास्त.

आठवी पायरी: वही

दोनशे पानी वही, एकाच बाईकडे, आणि ती कुलपात. प्रत्येक ओळीत: गाठ कधी लागली, सिस्टरनी कधी पाहिलं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीची तारीख, सुईच्या तपासणीची तारीख, रिपोर्ट कधी आला, सोबत कोण गेलं, पुढची तारीख. दर सोमवारी उघडायची आणि ज्या ओळीतला पुढचा रकाना रिकामा आहे तिच्या घरी जायचं. नावं व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायची नाहीत, मासिक बैठकीत मोठ्याने वाचायची नाहीत. एका बाईचं नाव फुटलं की पुढच्या दहा जणी तपासणीला येत नाहीत.

वर्षाअखेर किती जणी सभेला आल्या हे मोजण्यात फार अर्थ नाही. गाठ लागल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत किती दिवस लागले ते मोजा आणि दिवस कुठल्या रकान्यात अडकले ते पाहा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तोच कागद न्या: "सुईच्या तपासणीला बायांना इतके दिवस थांबावं लागतं." मागणी अशी नेमकी असली की टाळणं अवघड जातं.

ज्यांचे रिपोर्ट साधे आले त्यांची ओळ खोडू नका. साधी गाठ असली तरी डॉक्टर बहुधा काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, आणि आनंदाच्या भरात ती तारीख विसरली जाते. रिपोर्ट साधा आणि गाठ मात्र वाढतेय, असं एखादी म्हणाली तर जुना कागद दाखवून तिला परत पाठवू नका. तिच्यासाठी नवी ओळ सुरू करा, आणि येत्या तपासणी दिवशी तिचं नाव पहिलं लिहा.